कोऱ्या पोत्यातला तांदूळ

बाबा, नागपुरात माझ्या घराजवळच्या किराणा दुकानात मला तुमचा फोटो दिसला. तांदळाच्या पिशवीवर. धाकट्याच्या लग्नातला तो फोटो, डोक्याला फेटा, कोणाशी तरी बोलताना हसलेले तुम्ही. ज्याच्याशी बोलत होतात त्या माणसाला कापून टाकलं होतं, त्यामुळे तुम्ही थेट गिऱ्हाइकाकडे बघून हसता आहात असं वाटत होतं. खाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'बालाघाटचा अस्सल सुवास, तीन पिढ्यांचा विश्वास'. तीन पिढ्या कुठून आल्या देव जाणे, आजोबांनी तर कधी पावशेर तांदूळ विकला नव्हता. मी पिशवी हातात धरून उभी राहिले तसा दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, मस्त चालून राह्यला हा माल. बुढ्याचा फोटो हाय ना, लोक पाह्यते आन् घेते." मी पैसे दिले आणि पिशवी घरी आणली. तोंड उघडल्याबरोबर वास असा अंगावर आला की अगरबत्तीचा पुडा फोडल्यासारखं वाटलं. तांदूळ धुतला, सगळा वास पाण्याबरोबर मोरीत गेला. भात शिजला तेव्हा घरात कशाचाच वास नव्हता. मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "हौ ताई. मले मालूम हाय."

तो फोटो छापणाऱ्या व्यापाऱ्यावरचा राग एका संध्याकाळीच संपला. असली माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत, ती जिथे मोकळी जागा दिसेल तिथे बसतात. धाकट्याने करार करून फोटो दिला होता, त्याच्यावरचा राग थोडे दिवस टिकला. तुमच्यावरचा मात्र अजून गेलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं लोकांना विचित्र वाटेल, पण ती मोकळी जागा तुम्हीच ठेवली होती. आयुष्यभर, अभिमानाने.

नवा चिन्नोर, आपला तो बारीक सुवासिक तांदूळ, मिलमधून निघाला की तुम्ही त्यातला थोडा धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचात. आई तो शिजवायची. त्या दिवशी वरण नाही, भाजी नाही, मीठसुद्धा नाही. चुलीजवळ सगळे ओळीने बसून कोरा भात खायचो आणि तुमचा शेवटचा घास होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. तुम्ही चावायचात, थांबायचात, भिंतीकडे बघायचात आणि म्हणायचात, "हौ." किंवा म्हणायचात, "नाही." तुम्ही 'नाही' म्हटलं की तो सगळा माल साध्या तांदळात जायचा आणि साध्या भावाने विकला जायचा. आई कुरकुरायची, "काय झालं त्याले? पोट्टे खाऊन राह्यले ना चुपचाप." तुम्ही म्हणायचात, "पोट्टे काय, काहीबी खाते." आम्हाला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती. इतकी कडक पारख मी पुढे मोठ्या कंपन्यांतही पाहिली नाही. आणि ही पारख चुलीपासून पाच पावलांवर संपायची. तुम्ही पसंत केलेला तांदूळ आणि नापसंत केलेला तांदूळ, दोन्ही सारख्याच कोऱ्या पोत्यांत भरले जायचे. पसंत पोत्याचं तोंड तांबड्या सुतळीने शिवलेलं, नापसंत पांढऱ्या. एवढीच खूण, आणि ती फक्त तुम्हाला व हमालाला कळायची. ज्याने तो तांदूळ विकत घेऊन आपल्या पोराबाळांना खाऊ घालायचा, त्याला ती सुतळी काय सांगणार होती?

तो बँकेतला साहेब आठवतो? मी तेव्हा शाळेत होते, सुटल्यावर दुकानात बसायचे. नवीनच बदलून आलेला, हिंदी बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. आदल्या दिवशी तांदूळ नेला होता तो कागदाच्या पुड्यात परत घेऊन आला. "शेठजी, आपने तो मुझे कनकी दे दी," तो म्हणाला. त्याला तो तुटका तांदूळ, कणी वाटला होता. "और पकाया तो लेई बन गई. गाँव से माँ आई है, उसके सामने..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तुम्ही काट्यावरून नजरही न उचलता म्हणालात, "साहेब, ज्याले तांदूळ आन् कनकी वळखता येत नाही, त्यानं गहू खावा." बाकावर बसलेली मंडळी खो खो हसली. त्याला मराठी कळलं नसेल, हसणं कळलं. पुडा तिथेच ठेवून तो निघून गेला आणि आपल्या दुकानाच्या पायरीवर पुन्हा चढला नाही. ही गोष्ट तुम्ही किती लग्नांत, किती पंगतींत रंगवून सांगितलीत! दर वेळी त्यात साहेब मूर्ख असायचा. बाबा, चिन्नोरचा दाणा बारका असतो, लांब दाण्याला सरावलेल्या डोळ्यांना तो तुकडाच वाटतो. त्याला पाणीही कमी लागतं, नेहमीसारखं घातलं की चिखल होतो. हे तुम्हाला झोपेतही माहीत होतं. त्याला दोन वाक्यांत सांगितलं असतं तर एक आई खूश झाली असती आणि एका बँकेतल्या सगळ्यांच्या घरांत आपला तांदूळ गेला असता. त्याला फसवल्यासारखं वाटलं, तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि उत्तम तांदूळ कागदाच्या पुड्यात पडून राहिला. माझ्या धंद्यात काय काय चुकू शकतं ते सगळं मला त्या पुड्यात दिसतं.

माझ्या धंद्याला तुम्ही कधी नावाने हाक मारली नाहीत. मी नागपूरला मार्केटिंग शिकायला गेले तेव्हा बाजारात सांगायचात, "पोरगी बोलाचं शिकाले गेली." पहिल्या नोकरीच्या पगारातून मी तुमच्यासाठी कापडी पिशव्या शिवून आणल्या होत्या. एक किलोच्या, दोन किलोच्या. त्यावर तांदळाचं नाव, बालाघाट, दाणा बारीक का असतो ते, पाणी किती घालायचं ते. शेणाने सारवलेल्या ओट्यावर मी त्या मांडल्या. तुम्ही एक उचललीत, उलटीसुलटी केलीत. "आपला तांदूळ काय लग्नाचा पोट्टा हाय, माहिती छापून दाखवाले?" मी म्हटलं, बाबा, गिऱ्हाइकाला कळायला नको का काय घेतो आहे ते? तुम्ही म्हणालात, "ज्याले पाहिजेन तो वास घेत येते." मी म्हटलं, बालाघाटचा वास नागपूरपर्यंत जात नाही. "मंग राहो नागपूरवाले उपाशी." आई आतून हसली, आणि बहुतेक तिच्या हसण्यानेच तुमचा आवाज चढला. "हे समदं लोकायले चुना लावाचं काम हाय. तुले कराचं तर कर तिकडं. माह्या दुकानात नोको." पुढच्या सुट्टीत आले तेव्हा त्या पिशव्यांत आईने वाळलेल्या मिरच्या भरून ठेवल्या होत्या. तुमच्या घरात माझ्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला.

चुना लावायचं काम! मी काय करत होते ते तुम्ही एकदा तरी विचारायचं होतंत. मसाल्याच्या कंपनीत असताना महिनाभर मी अमरावती, यवतमाळच्या घराघरांत स्वयंपाकखोल्यांत बसून होते. बायका पाकीट फाडतात, मसाला डब्यात ओततात आणि पाकीट चुलीत टाकतात, हे तिथे बसल्यावर कळलं. पाकिटाबरोबर तारीखही जळायची. मसाला शिळा कधी झाला हे कोणालाच कळत नसे आणि भाजी बेचव झाली की बाई स्वतःलाच दोष द्यायची. आम्ही डब्याला चिकटवता येईल अशी तारखेची पट्टी पाकिटात घालायला लागलो. एवढंच, बाबा. माल कोणाच्या घरात जातो, तिथे त्याचं काय होतं, त्या माणसाला काय माहीत असायला हवं, आपण जे सांगितलं ते पोत्यात खरंच आहे का, आणि नसेल तर त्याने कोणाला धरायचं, याची रोजची काळजी घेणं म्हणजे माझं काम. त्यात खोटं बोलणारे आहेत, मी त्यांच्या शेजारी बसून चहा घेतला आहे. पण चांगला माल बनवणारे गप्प बसले की बोलण्याचं काम त्या खोटं बोलणाऱ्यांच्याच वाट्याला जातं, हे तुम्हाला तुमच्या हयातीतच दिसत होतं. तांबड्या सुतळीची पोती व्यापारी उचलायचे आणि आपापल्या छापाच्या पिशव्यांत भरायचे. तुम्हाला ठाऊक होतं. म्हणायचात, "आपल्याले भाव भेटला ना." भाव साध्याहून जरासाच जास्त मिळायचा, कारण खाणाऱ्याला वेगळं काही कळतच नव्हतं. आणि चिन्नोर पिकवणाऱ्याला तेवढ्यात परवडणार कसं? उंच वाढतो, वाऱ्यात आडवा होतो, उशिरा येतो, कमी येतो. हट्टा गावाकडच्या ज्या घरांतून आपल्याकडे धान यायचं, ती एकेक करून लवकर येणाऱ्या वाणांकडे वळली. चिन्नोर फक्त स्वतःच्या सणापुरता बांधाकडेला उरला. आता त्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, शहरातले लोक शोधत येतात. आणि त्यांना काय मिळतं? तुमचा फेट्यातला फोटो आणि अगरबत्ती.

फोटोचा करार वर्षाचा होता. तो पुन्हा करायला व्यापारी येणार म्हणून कळलं तशी मी गोंदियामार्गे बालाघाटला गेले. धाकट्याने गल्ल्यावरच गाठून सांगितलं, "ताई, ते आले की तू बोलजो नोको. मिलमधलं अर्धं काम त्यायचं हाय. गेले तर मिल बंद." म्हणजे प्रश्न साधा होता. फोटो राहिला तर मिल चालणार, फोटो गेला तर मिल जाऊ शकते. व्यापारी आला, चांगला हसरा माणूस, मिठाईचा डबा घेऊन. चहा झाला. आणि तेवढ्यात बैहरच्या त्या शिक्षिकाबाई पायरी चढून आल्या. तुम्हाला आठवत असतील, दिवाळी झाली की जीपने यायच्या, वर्षाचा तांदूळ तुमच्याकडूनच न्यायच्या. आता निवृत्त झाल्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्या हातात तुमच्या फोटोची पिशवी होती, अर्धी रिकामी. त्यांनी ती काट्याशेजारी ठेवली.

"हा फोटो तुमच्या वडलाचाच ना?"

"हौ बाई," धाकटा म्हणाला.

"मंग हा तांदूळ त्यायचा काहून नाही?"

धाकट्याच्या आधी व्यापारीच बोलला. "बाईजी, चावल में खराबी क्या है? एकदम साफ माल है. एक कंकड़ दिखा दो."

"खराबी हाय असं मी म्हनूनच नाही राह्यली. हा तो नाही, येवढंच म्हनून राह्यली." मग त्यांनी सांगितलं. नातवाचं उष्टावण होतं. गुडघ्यांमुळे बालाघाटपर्यंत येणं झालं नाही, बैहरलाच दुकानात पिशवी दिसली. पाहुण्यांना सांगितलं, आमच्या नेहमीच्या घरचा चिन्नोर आहे. खीर ठेवली आणि घरात वासच सुटला नाही. "पाहुन्यायनं खाल्ली, कोनी काही म्हनलं नाही. पन मले माहीत झालं ना. पोराच्या तोंडात पहिला घास गेला तो खोटा गेला. मी पिशवी वाचून नाही घेतली बापू, फोटो पाहून घेतली."

व्यापारी हसला. "बच्चे को क्या पता चलेगा बाईजी!"

"तुमी थांबा जी," त्या म्हणाल्या. "मी याच्याशी बोलून राह्यली."

आणि 'हा', म्हणजे तुमचा मुलगा, मान खाली घालून काट्यावरची धूळ पुसायला लागला. पुसलेलाच काटा पुन्हा पुसत होता. त्या बँकेच्या साहेबासमोर तुमची मान अशीच काट्यात होती. तुमची ताठ्याने, त्याची शरमेने, पण समोरच्या माणसाला दोन्ही वेळा टाळूच दिसली. बाईंनी पैसे मागितले नाहीत, बदली तांदूळ मागितला नाही. पिशवी ठेवली आणि भिंत धरत पायऱ्या उतरल्या. तुमच्यावर इतका विश्वास असलेलं माणूस आपल्या दुकानातून असं गेलं, तुम्ही भिंतीवर हार घालून बसला होतात.

व्यापाऱ्याला धाकट्याने उद्या या म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात मी त्याला बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि मग उसळला. "तू नागपुरात बसून बोलून राह्यली ताई! बाबानं मले काय देलं? समदे म्हनते नाव देलं. कुठी हाय नाव? पोत्यावर हाय? पाटीवर हाय? लोकायच्या तोंडात होतं, ते लोकं मरून राह्यले एकेक. पोट्ट्यायले तर चिन्नोर म्हनजे काय तेच मालूम नाही. मी सांगाले गेलो तर म्हनते, सब ऐसाच बोलते भैया. ह्या मानसानं फोटो लावला तं कमीत कमी कोनाले समजलं का बाबा होते म्हनून!" भावजय पोळी लाटता लाटता थांबली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते माझ्याऐवजी तुम्ही ऐकायला हवं होतं. तुम्ही त्याला एक मिल दिलीत, अशी जीभ दिलीत की कोऱ्या भातावरून शेत सांगेल, आणि वर सांगून गेलात की तोंड उघडणं हलकं काम असतं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा मी आत होते. धाकट्याचा आवाज ऐकू आला. "फोटो काढा शेठ." "फिर मिल का काम भी हटेगा, सोच लो." "सोचलं. बाप हाय माह्या तो." एवढंच. मिठाईचा डबा त्याने परत दिला नाही, तेवढं शहाणपण त्याच्यात आहे, मिठाई मुलांनी खाल्ली.

पुढचं सगळं छान झालं असं समजू नका. मिल आता रोज चालत नाही. दोन हमाल दुसरीकडे गेले. यंदा धाकटा मोटारसायकलवर हट्ट्याकडच्या गावांत फिरला, घरच्यासाठी चिन्नोर पेरणाऱ्यांना चढा भाव कबूल करून थोडं थोडं धान आणलं. भरडणीची पहिली घाणी निघाली. भावजयीने कोरा भात शिजवला, आम्ही खाली बसलो, मुलांचे मोबाइल काढून घेतले. धाकट्याने चावलं, थांबला आणि "नाही" म्हणाला. मी मनात तुम्हाला शिव्या दिल्या. हाताशी पैसा नाही, माल एवढासा, आणि हा नाही म्हणतो! पण तो साध्यातच गेला. दुसऱ्या घाणीला "हौ" आला. पिशवीवरचा मजकूर मी लिहिला. हा बालाघाटचा चिन्नोर आहे. अमुक गावांकडचं धान, अमुक महिन्यात भरडलं. दाणा लहान आहे, ही कणी नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. वास पिशवीत शोधू नका, शिजताना येईल. आवडला नाही तर परत आणा, आणि खाली दुकानाचा नंबर. धाकट्याने वाचलं आणि विचारलं, "आवडला नाही तर काहून लिवलं? मनात नसलं तरी आनतीन ना परत." मी म्हटलं, आणू दे. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पिशव्या निम्म्या पडून आहेत. पहिली पिशवी तो स्वतः बैहरला देऊन आला. बाईंनी घेतली, पैसे दिले, बसायला सांगितलं नाही. शिजवल्याशिवाय त्या काही बोलणार नाहीत, आणि बरोबरच आहे.

नागपुरातल्या त्या दुकानात आता त्याच सोनेरी पिशवीवर दुसरा म्हातारा आहे. तोही फेट्यात, तोही हसणारा. मी जवळ जाऊन नीट पाहिलं, ओळखीचा नाही. कोणाचा तरी बाप असेल.

हा कागद मी धाकट्याला दाखवणार नाही. तो म्हणेल, ताई, गेलेल्या मानसाशी काय भांडून राह्यली. राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा म्हणून मी लिहिलंही नाही. फक्त एक सांगते. आज दुपारी आपल्या बालाघाटच्या दुकानातला फोन मी उचलला. भंडाऱ्याची कोणी बाई होती. बहिणीकडे जेवली होती म्हणाली, तुमचा चिन्नोर आहे का अजून, तोच हवा आहे. मी हौ म्हटलं, पत्ता घेतला, फोन ठेवला. आणि तुम्ही बसायचात त्या बाजूला वळून तोंड उघडलं, तुम्हाला सांगायला. धाकट्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.